मागच्या चाकाचे चार छर्रे

परवा नागपूरहून एक दातांचे डॉक्टर आले होते. माझ्या दातांसाठी नाही, ते केव्हाच गेले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की पांढुर्ण्यात एका म्हातारीकडं इंग्रजांच्या वेळची, खाली वळलेल्या हँडलची, पातळ चाकांची सायकल आहे आणि ती अजून चालते. असे लोक हल्ली बरेच येतात. दारात मोटारी उभ्या आणि जीव जुन्या सायकलीवर. डॉक्टर सरळ फरशीवर मांडी घालून बसले, मागचं चाक हातानं फिरवलं आणि त्याची टिकटिक ऐकत डोळे मिटून राहिले. मला त्यांचं हसू आलं नाही. म्हणाले, "आजी, अशी सायकल एकदा हाताला लागली की दुसरं काही चालवावंसंच वाटत नाही. असं काय असतं हो हिच्यात?" मी म्हटलं, "हिच्यात काही झाकलेलं राहत नाही, बाप्पा. हाती पाना असला की तुम्ही तिच्या पोटापर्यंत जाता. माणसाचं तसं नाही." मग त्यांनी विचारलं, सगळं ओरिजिनल आहे ना? मी म्हटलं, "कॅरियर सोडलं तर आहे. मागच्या चाकातले चार छर्रे तेवढे नंतरचे आहेत." म्हातारी भलतीच बारकाईची आहे असं वाटून ते खुश झाले आणि माझा फोटो काढून घेऊन गेले.

सुमनताई, माझी थोरली बहीण, आता नाही. गेल्या मार्गशीर्षात गेली. म्हणून हे लिहायला बसले आहे. भेकड माणसाचं धाडस असंच, ऐकणारं कोणी उरलं नाही की तोंड फुटतं.

आम्ही तेव्हा सौसरला राहायचो. बाबा सरकारी नोकरीत, खेडोपाडी फिरून देवी टोचायचे. गावात त्यांना 'टोचणारे बाबू' म्हणत, आणि खेड्यात त्यांच्या सायकलची घंटी ऐकू आली की "टोच्या आला, टोच्या आला" म्हणत पोरं कापसाच्या पऱ्हाटीत लपायची. आधी ते पायी नाहीतर मिळेल त्या बैलगाडीनं जात. मग स्वराज्य आलं, आणि पांढुर्ण्याच्या स्टेशनावरचा रेल्वेचा गोरा साहेब आपलं सामान विकून निघाला. खुर्च्या गेल्या, पलंग गेले, कुत्रासुद्धा एका मारवाड्यानं नेला. सायकल मात्र कोणी घेईना, कारण तिचं हँडल एडक्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं होतं आणि लोकांना वाटलं की साहेबानं ते दारूच्या नशेत उलटं बसवलं. बाबांनी ती घेतली आणि पांढुर्ण्याहून सौसरपर्यंत एका दिवसात चालवत आणली. दारात उतरले तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं. आई म्हणाली, "हे काय आणलं वं माय, माणसाले नमस्कार करायला लावते हे सायकल." बाबा कमरेत वाकलेलेच होते, पण हसून राहिले होते. गडद हिरवा रंग, त्यावर केसासारखी बारीक सोनेरी रेघ. उचलली तर एका हातात यायची. तिच्या मागं लोहाराकडून एक धटिंगण कॅरियर बसवून घेतलं, लशीच्या पेटीसाठी. तेवढं एक गावठी, बाकी ती राणी होती.

रविवारी ती राणी न्हायची. अंगणात तरट अंथरून बाबा तिला उलटी करत आणि चाकं काढत. त्यांना जवळचं दिसत नसे, बोटंही जाड, म्हणून बारीक काम माझ्याकडं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. चाकाच्या मधोमध आसाभोवती दोन्ही बाजूंनी पोलादी गोळ्या असतात, ज्यांच्यावर चाक फिरतं, त्यांना आमच्याकडं छर्रे म्हणतात. मागच्या चाकात अठरा, एका अंगाला नऊ. ते मी एकेक करून पितळेच्या वाटीत काढायची, मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलात, धुवायची, धोतराच्या फडक्यानं पुसायची. मग बाबा म्हणायचे, "मोज." मी मोजायची. "अठरा." "पुन्हा मोज." त्यांचा नियमच होता, दोनदा मोजल्याशिवाय चाक मिटायचं नाही. एकही छर्रा कमी असला तर सायकल चालते, दहा दिवस चालते, महिनाभरही चालते, आणि मग उतारावर दगा देते, असं ते सांगायचे. तिकडं आई गोवऱ्यांवर रोडगे लावायची, वांग्याची भाजी रटरटायची, आणि ग्रीसच्या वासात तो वास असा काही मिसळायचा की आजही कुठं ग्रीसचा डबा उघडला तर मला भूक लागते. काम आटोपलं की सुमनताई बेसन आणि लिंबाची फोड घेऊन माझे हात घासायला बसायची. नखातलं काळं निघेपर्यंत सोडायची नाही. "उद्या तुले पाहायले येतीन लोकं, अन् तू असे लोहाराचे हात दाखवजो," म्हणायची. माझ्या हाताची काळजी तिनंच केली. माझ्या हातांनी तिचं काय केलं ते पुढं येईलच.

चालवायलाही मीच शिकले. आधी कैची, म्हणजे दांड्याखालून एक पाय घालून वाकडं वाकडं. मग लुगड्याचा कासोटा मारून दांड्यावरून. सौसरात तेव्हा मुलगी सायकलवर म्हणजे लोकांना तमाशाच. एका शेजारणीनं आईला ऐकवलं, "हिच्यासाठी आता घोड्यावरचा नाही, सायकलवरचा नवरदेव पाहा." मला काय त्याचं! त्या सायकलीवर बसलं की रस्ता पायाखाली आपोआप मागं सरकायचा, वारा कानात शिरायचा, आणि मी कोणाची कोण हे विसरायला व्हायचं. सुमनताई भित्री. बैलाच्या शिंगाला भ्यायची, छोट्या गाडीच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या आगगाडीच्या, शिट्टीला भ्यायची. पण माझ्या मागं कॅरियरवर मात्र बिनधास्त बसायची, माझा पदर मुठीत धरून, डोळे मिटून. "तू आहेस ना," एवढंच म्हणायची.

मी मॅट्रिक झाले. आमच्या घरातली पहिलीच. आणि उन्हाळ्यात हुकूम आला, रामाकोन्याच्या अलीकडं, गाडीरस्त्यानं आत एका खेड्यात शाळेवर मास्तरीण म्हणून. तिथं ना मोटार जायची ना छोटी गाडी. एकट्या पोरीनं तिथं खोली करून राहायचं म्हणजे आईनं विहीर जवळ केली असती. रोज जाऊन यायचं, तर सायकलच पाहिजे. बाबांनी हुकूम दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाले, "शकू, सायकल तुझी. मी आता पायी हिंडलो तरी चालते. शाळा उघडली की तू जाशीन." त्या रात्री मी जेवले नाही, इतकं पोट भरलं होतं. आज ऐंशी ओलांडूनही सांगते, त्या एका वाक्याएवढं मला आयुष्यात दुसऱ्या कोणी काही दिलं नाही. आणि ते सुद्धा परत घेतलं.

त्याच वैशाखात सुमनताईचं लग्न. नवरदेव लोधीखेड्याचे, घरचे संत्र्याचे बगीचे, माणूस दिसायला उंचापुरा. आमच्याकडून रुखवतात ठेवायला फार काही नव्हतं. दोन विणलेले रुमाल, शेवयांची ताटली, लाडवांचे मनोरे. मला लाज वाटली, आणि त्या लाजेतून मला अक्कल सुचली. चार दिवस खपून मी सायकल अशी चमकवली की तिच्या मडगार्डात तोंड दिसावं. आरे एकेक करून राखेनं घासले. सोनेरी रेघेवर तेलाचं बोट फिरवलं. झेंडूची माळ घातली आणि तिला मांडवाच्या दारातच उभी केली. लोकांना कळू द्या की हे काही ऐरंगैरं घर नाही. आई म्हणाली, "मागच्या खोलीत ठेव तिले. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, "पाहू दे ना लोकाईले! आपल्याजवळ दाखवण्यासारखं आहेच काय दुसरं?" आईचं ऐकलं असतं तर! पण बढाई मारायची हौस माझी होती, दुसऱ्या कोणाची नव्हती.

आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत नवरदेवानं रुसायची रीत आहे. पान वाढलं जातं आणि तो हात मांडीवर ठेवून गप्प बसतो. सासऱ्यानं पुढं येऊन काहीतरी द्यायचं, मग त्यानं पहिला घास घ्यायचा, आणि मग पंगत जेवायला लागते. खेळच तो, बहुतेक वेळा आधी ठरलेला. बाबांनी मनगटी घड्याळ आणून ठेवलं होतं. ते त्यांनी पानाशेजारी ठेवलं. नवरदेवानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कढी निवून राहिली होती, पुऱ्या वातड होऊन राहिल्या होत्या, वऱ्हाडी मंडळी माशा हाकलत बसली होती. शेवटी नवरदेवाचा मामा मिशीत हसत म्हणाला, "बाबूसाहेब, आमचा पोरगा केव्हाचा मांडवाच्या दाराकडं पाहून राहिला. तुमच्या ध्यानात येऊन नाही राहिलं काय?"

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. बाबांची मान सगळ्यात शेवटी वळली. त्यांनी सायकल पाहिली, मग त्यांचे डोळे मला शोधायला लागले, मी तुपाची वाटी घेऊन उभी होते, आणि मी सापडायच्या आधीच ते म्हणाले, "न्या ना. तुमचीच आहे."

"बाबा, थे माझी आहे!" मी ओरडले. पंगतीत ओरडले, दोनशे लोकांसमोर. मामा म्हणाला, "तर मग तूबी चाल की सायकलीसंगं!" आणि पंगत जी हसली, जी हसली! एका आत्यानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस काळानिळा राहिला. सुमनताई मुंडावळ्यांच्या आड खाली मान घालून बसली होती. नवरदेवानं बुंदीच्या लाडवाला हात घातला.

नंतर परसात बाबा माझ्याजवळ आले. म्हणाले, "शकू, पंगत उठली असती तर तुझ्या बहिणीचं काय झालं असतं?" मी म्हटलं, "अन् माझं?" ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू." मग त्यांनी जे सांगितलं त्याचा राग माझ्या मनातून त्यांच्या चितेपर्यंत गेला नाही. "सकाळी नेतीन ते. मागचं चाक खोलून, धुऊन, नवं ग्रीस घालून दे. आपल्या हातून वस्तू जाते तर नीट गेली पाहिजे. अन् मोजून मिटवजो."

सकाळी अंगणात तेच तरट अंथरलं. ऊन चढायचं होतं. आत बायका नवरीला वाटे लावण्याची तयारी करून राहिल्या होत्या. मी चाक खोललं, छर्रे वाटीत काढले, धुतले, पुसले. मोजले. अठरा. पुन्हा मोजले. अठरा. मग एका अंगाला नऊ बसवले आणि दुसऱ्या अंगाला पाचच. उरलेले चार मुठीत धरले. घट्ट ग्रीस भरपूर थापलं म्हणजे काही दिवस कळणार नाही, आणि मग कुठल्यातरी उतारावर जावईबापू चार लोकांत आपटतील, त्यांचा तो मामा पाहील, आणि मग हसा म्हणावं आता. एवढंच माझ्या डोक्यात होतं. खरंच एवढंच होतं, पण त्यानं काय होतं?

तेवढ्यात सुमनताई बाहेर आली. हिरवा चुडा, हळदीनं पिवळे झालेले पाय. माझ्याजवळ उकिडवी बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "मी नव्हतं मागितलं वं, शकू." मी ग्रीस थापत राहिले. मग तिनं सायकलीच्या कॅरियरवर हात ठेवला आणि म्हणाली, "नीट कर बरं. आता मलेच बसा लागते त्याच्या मांगं."

मूठ माझीच होती. उघडायला काय लागलं असतं? चाक पुन्हा खोलायला पाव तासही लागला नसता. मी म्हटलं, "केली नीट." आणि नट आवळला. ती बेसन-लिंबू आणायला आत गेली, माझे हात धुवायला. मी चार छर्रे काजळाच्या रिकाम्या डबीत टाकले आणि डबी कमरेला खोचली. मग हात पुढं केले आणि तिनं ते शेवटचं घासून दिले.

तीन आठवड्यांनी लोधीखेड्याहून निरोप आला. बाजारातून येताना उतारावर मागचं चाक तिरपं होऊन सांगाड्याच्या चिमट्यात अडकलं. भाऊजी उडी मारून बाजूला झाले, त्यांना खरचटलंही नाही. सुमनताई पडली ती उजव्या हातावर. मनगट मोडलं. बाबा त्याच दिवशी गेले आणि दोन दिवसांनी परत आले, ते चाक खांद्याला अडकवून. जावयापुढं हात जोडून आले होते, हे आईनं मला नंतर सांगितलं. आल्या आल्या त्यांनी तरट अंथरलं आणि मला बोलावलं. चाक स्वतःच खोललं. छर्रे वाटीत काढले आणि वाटी माझ्यापुढं सरकवली. "मोज." मी मोजले. "चौदा." "पुन्हा मोज." "चौदा." त्यांनी विचारलं, "बाकीचे?" मी म्हटलं, "पडली तेव्हा रस्त्यात सांडले असतीन." डबी माझ्या कमरेलाच होती. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. चाक मिटलेलं असताना छर्रे रस्त्यात सांडत नाहीत हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मग म्हणाले, "हो. तसंच झालं असेल." उठले, चपला घातल्या आणि स्वतः बाजारात जाऊन चार नवे छर्रे घेऊन आले, आणि चाक मिटवून लोधीखेड्याला परत पोचवून आले. त्यानंतर ते वारले तोवर त्यांनी माझ्याकडून कधी साधा पाना मागितला नाही.

त्या वर्षी मी शाळेवर रुजू झाले नाही, कशी होणार? आणि पुढचं वर्ष आलं ते भलतंच आलं. राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडं मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडं हिंदी राज्यात राहिलो. बोली नागपूरची, सोयरे नागपूरकडचे, बाजारहाट नागपूरचा, आणि रेघ ओढणाऱ्यानं ओढली ती आमच्या खालून. जुना हुकूम घेऊन बाबा एका दप्तरात गेले तर तिथल्या बाबूनं कागद उलटासुलटा करून पाहिला, "यह तो पुराने राज का है," म्हणाला आणि परत दिला. नव्यानं अर्ज, नव्यानं हिंदी, नव्यानं ओळखीपाळखी. दुसऱ्या वर्षी पांढुर्ण्याच्या धान्याच्या व्यापाऱ्याशी माझं लग्न झालं. माणूस वाईट नव्हता. त्यांना एकदा म्हटलं, मी मास्तरीण होणार होते. ते म्हणाले, "बरं झालं झाली नाही, घरी कोणी पाहिलं असतं?" त्यांनी ते प्रेमानंच म्हटलं होतं. चाळीस वर्षं मी गोदामातल्या पोत्यांवर बसणाऱ्या मांजरांना वळण लावलं.

सुमनताईचं मनगट गावच्या हाडवैद्यानं बांधलं, ते वाकडंच जुळलं. तिला भाकर थापता यायची नाही. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. सासू भाकर उचलून पाहुण्यांना दाखवायची, "पाहा, बाबूच्या घरची कारागिरी." सणावाराला मी जायची तेव्हा तिच्या भाकरी थापून द्यायची, ढीगच्या ढीग. लोकांना वाटायचं, केवढी माया बहिणीवर!

भाऊजी गेल्यावर तिनं निरोप पाठवला, तुझी सायकल घेऊन जा. गोठ्यात होती. तिच्या हँडलवर कोंबड्या बसून बसून चुन्यासारखा थर झाला होता, सोनेरी रेघ कुठल्या कुठं. मी टेम्पोत घालून आणली आणि पूर्ण पावसाळा तिच्यामागं लागले. साठीच्या वर गेले होते तेव्हा. पण गंज उतरायला लागला, चाक सरळ फिरायला लागलं, आणि ती टिकटिक ऐकू आली तशी मला वाटलं, आता सांगता येईल. दसऱ्याला सायकलीला हळदीकुंकू लावलं आणि काजळाची डबी पिशवीत टाकून लोधीखेड्याची मोटार धरली.

सुमनताई ओट्यावर तूर निवडत बसली होती. सायकल चालू झाली म्हटल्यावर तिचं तोंड असं उजळलं की मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात तीच बोलायला लागली. "तुले एक गोष्ट कधी सांगितली नाही, शकू. हे लोकं जन्मभर म्हणत राहिले, बाबूनं खोटी सायकल दिली, मुद्दाम खिळखिळी करून दिली. मी बाकी सगळं ऐकून घेतलं बाई. मले बोलले, बाबाले बोलले, ऐकून घेतलं. पण सायकलीचं नाही ऐकलं. मी म्हणायची, माझ्या बहिणीनं माझ्या डोळ्यासमोर केली होती, तिच्या हातची सायकल खोटी असूच शकत नाही, तुम्हालेच चालवता आली नाही." तिनं वाकडा हात मांडीवर ठेवला. "त्यावरून तुझ्या भाऊजीनं दोन-तीनदा मारलंबी. पण तेवढं एक मी शेवटपर्यंत म्हणत राहिली."

डबी माझ्या बोटांत होती. चार छर्रे, साठीतल्या बाईच्या मुठीत आरामात मावतील एवढे. मी ती पिशवीत खाली सोडली.

"चहा ठेव, ताई," मी म्हटलं.

ती उठली, आत गेली आणि डाव्या हातानं चहा गाळून घेऊन आली. मी प्याले, आणि संध्याकाळच्या मोटारीनं घरी आले.